सोनपेठची टाकी, झेडपीची शाळा आणि नगरपालिकांचा शंभर वर्षांचा हिशेब

११ मे २०२३ च्या रात्री परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात, सेप्टिक टाकी साफ करताना पाच माणसे गुदमरून मेली. पाचही जण एकमेकांच्या नात्यातले, गरीब मुसलमान. दोन दिवस बातमी चालली, अधिकाऱ्यांच्या गाड्या येऊन गेल्या, गुन्हा नोंदवला गेला आणि विषय संपला. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये परभणी रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, नंतर वस्त्यांमध्ये कोम्बिंग झाले, सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला आणि परभणीचे नाव देशभर गेले. तो लढा आपण लढलो, लढायलाच हवा होता. पण सोनपेठचे ते पाच जण आज आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहेत?

मी हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाही. या पाच मृत्यूंकडे अपघात म्हणून पाहिले की त्यांचा इतिहास दिसेनासा होतो, म्हणून विचारतो. आणि तो इतिहास आहे नगरपालिका, ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद या तीन संस्थांचा. तिथे धोक्याची फाईल आरोग्य आणि बांधकाम खात्यात असते. कामगारांची फाईल आस्थापना विभागात असते. शाळेची फाईल शिक्षण विभागात. तीन टेबले, तीन बाबू, तीन वेगवेगळे ठराव. पण या तिन्ही फायली ज्या घरावर येऊन पडतात ते घर एकच असते. टाकीत उतरणारा बाप, ठेकेदाराकडे झाडू मारणारी आई आणि झेडपीच्या शाळेत जाणारे पोर हे एकाच घरातले असतात. हे घर सभागृहात बसलेल्यांना कधीच दिसले नाही. दिसले ते ज्यांना, त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत.

पहिले नाव जोतीराव फुल्यांचे. ते १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, हे आपल्याकडे जयंतीच्या भाषणात एका ओळीत सांगून मोकळे होतात. त्या सभागृहात त्यांनी काय केले ते पाहा. व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला, तेव्हा फुल्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे मोठ्या मंडईची इमारत बांधायचा घाट घातला गेला, तेव्हाही त्यांची हीच भूमिका. मंडई आजही उभी आहे आणि तिला त्यांचेच नाव दिले आहे, हा आपल्या लोकांचा खास स्वभाव. ज्याने विरोध केला त्याचेच नाव पाटीवर लावायचे, म्हणजे विरोध विसरला जातो.

नगरपालिकेचा पैसा कुणाच्या घामाचा आणि तो कुणाच्या मुलांवर खर्च होतो, हा फुल्यांचा प्रश्न बाबासाहेबांनी पन्नास वर्षांनी मुंबईच्या कायदे मंडळात मांडला. १२ मार्च १९२७ चे शिक्षणाच्या अनुदानावरचे त्यांचे भाषण आहे. शिक्षणप्रसाराचा वेग हाच राहिला तर शाळेच्या वयाची सगळी मुले शाळेत यायला चाळीस वर्षे आणि मुली यायला तीनशे वर्षे लागतील, असा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. दारूवरच्या करातून सरकार लोकांकडून जेवढे घेते, तेवढे तरी शिक्षणावर द्या, ही त्यांची मागणी होती. आठवड्याभरानंतर, २० मार्चला, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते.

आता महाडकडे आपण सत्याग्रहाचा इतिहास म्हणून पाहतो, आणि ते बरोबरच आहे. पण महाड हा एका नगरपालिकेच्या ठरावाचाही इतिहास आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे ठराव केला, तळे खुले झाले. कागदावर झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे एकही अस्पृश्य माणूस त्या तळ्यावर गेला नाही, कारण ठरावामागे पालिकेचा शिपाईसुद्धा उभा नव्हता. लोकांनी स्वतः जाऊन पाणी प्यायले तेव्हा डोकी फुटली. आणि मग त्याच नगरपालिकेने काय केले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्याच तारखेला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडला.

ठराव करायचा, अंमल करायचा नाही, कुणी अंमल करायला गेलाच तर ठराव मागे घ्यायचा. स्थानिक संस्थांची ही रीत महाडला पक्की झाली आणि तिच्यात फारसा बदल झालेला नाही. बाबासाहेबांचा खेड्यावर आणि ग्रामपंचायतीवर विश्वास का नव्हता, हे ज्यांना कळत नाही त्यांनी संविधान सभेतले भाषण नंतर वाचावे, आधी महाडच्या नगरपालिकेचे हे तीन कागद वाचावेत.

कामगारांचे प्रकरण याहून काळे आहे. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात संयुक्त प्रांताच्या १९१६ च्या नगरपालिका कायद्याचे कलम पुढे आणले. सफाई करणाऱ्याने काम नाकारले किंवा सूचना न देता सोडले, तर तो फौजदारी गुन्हा! वकिलाने वकिली सोडली तर गुन्हा नाही, सुताराने रंधा ठेवला तर गुन्हा नाही. जातीने नेमून दिलेले काम जातीच्या माणसाने सोडू नये, यासाठी धर्म पुरेना म्हणून नगरपालिकेचा कायदा आला. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांची वेगळी संघटना उभी केली ती याच कारणाने. गिरणी कामगारांच्या युनियनमध्ये सफाई कामगाराचा प्रश्न कुणाच्या अजेंड्यावर नव्हता.

इथपर्यंतचा सगळा इतिहास मुंबई इलाख्याचा. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. इथे ना बोले ठराव लागू होता ना मुंबईचा शिक्षण कायदा. इथल्या शाळेचा इतिहास वेगळा आहे आणि तो आपल्याला अर्धाच सांगितला जातो.

निजामी राजवटीत दरबाराची, कोर्टाची आणि माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून उच्च शिक्षण देऊ लागले. देशी भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकवणारे विद्यापीठ म्हणून त्याचे भारतभर कौतुक झाले, आणि ते कौतुक खोटे नव्हते. पण संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. परभणीच्या शेतकऱ्याच्या पोराला ‘मातृभाषेतले शिक्षण’ म्हणजे परक्या भाषेतले शिक्षण होते. त्याविरुद्ध मराठी शाळांची चळवळ उभी राहिली. आपल्या जिल्ह्यात सेलूचे नूतन विद्यालय त्या काळातलेच. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या पुस्तकांत या शाळांचे पानेच्या पाने वर्णन आहे आणि ते असायला हवे. फक्त त्या पानांवर एक प्रश्न सापडत नाही: या मराठी शाळांच्या बाकांवर महारवाड्यातली, मांगवाड्यातली किती पोरे बसली होती? उर्दू शाळेत भाषा आडवी येत होती, मराठी शाळेत जात. आपल्या आज्या-आजोबांच्या पिढीला दोन्ही दारे बंद होती.

दार उघडले ते १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा. पुढे मिलिंद म्हणून ते ओळखले गेले. परभणी, नांदेड, बीडच्या खेड्यांतून ट्रंका डोक्यावर घेऊन गेलेली पोरे तिथे राहिली, शिकली, लिहू लागली. मराठवाड्यातल्या दलित साहित्याची मुळे तिथे आहेत. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आले. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती गेल्या. गावागावात मराठी शाळा उभी राहिली, तांड्यावर उभी राहिली, हे जिल्हा परिषदेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. माझ्या पिढीतले अनेक जण तिथेच पाटीवर पेन्सिल घासून शिकले.

पण सत्ता कुणाच्या हाती गेली? बाबासाहेबांनी १९५५ च्या भाषावार प्रांतांवरच्या पुस्तकात हेच सांगून ठेवले होते. मराठी भाषकांचे एकच मोठे राज्य करू नका, तुकडे करा, असे त्यांचे मत होते. त्यामागे भाषेचा द्वेष नव्हता. एका भाषेच्या राज्यात एका मोठ्या जातीचे बहुमत कायमचे बसते आणि लहान जातींना न्याय मागायला जागा उरत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. परभणी जिल्ह्यातल्या वस्त्याही जळल्या. ज्यांनी जाळल्या त्यांची भाषा मराठी होती आणि ज्यांची घरे जळली त्यांचीही मराठीच. राग नावावर होता असे म्हणतात. खरा राग, मिलिंदमधून शिकून आलेला पोरगा मास्तर, क्लार्क, ग्रामसेवक होऊ लागला यावर होता. आणि हा ठरावही अमलात यायला, तोही निम्मा-शिम्मा नामविस्तार म्हणून, १४ जानेवारी १९९४ उजाडला. महाडची रीत, दुसरे काय!

आता पुन्हा कामगारांच्या फाईलकडे येऊ. सफाई कामगारांच्या स्थितीवर मुंबई सरकारने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर केंद्राची मलकानी समिती. महाराष्ट्रात लाड समिती, मग पागे समिती. लाड-पागे समितीच्या शिफारशींवर १२ ऑगस्ट १९७५ चा शासन निर्णय निघाला. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला तर त्याच्या वारसाला त्याच जागी नोकरी. आजही सफाई कामगारांच्या प्रत्येक मोर्चात ‘लाड-पागे लागू करा’ ही घोषणा असते. २४ फेब्रुवारी २०२३ ला सरकारने सुधारित निर्णय काढला आणि तोही औरंगाबाद खंडपीठात आव्हानाच्या फेऱ्यात अडकला.

या वारसा हक्काबद्दल आपल्या चळवळीत मोकळेपणाने बोलले जात नाही. माझे मत असे: ही तरतूद एकाच वेळी ढाल आहे आणि बेडी आहे. ढाल अशी की, ज्या घराने तीन पिढ्या शहराचा मैला उचलला त्या घराला निदान कायम नोकरी, पगार, पेन्शन, दवाखाना मिळतो. बेडी अशी की, कलेक्टरच्या मुलाला कलेक्टरी वारशाने मिळत नाही, झाडू मात्र मिळतो. पदवी घेतलेला पोरगा बापाच्या जागेवर झाडूच घेऊन उभा राहतो, कारण बाहेर दुसरी नोकरी नाही. जातीने दिलेले काम सरकारी शिक्क्यानिशी मुलाच्या हाती येते. तरीही आज ती तरतूद काढून घ्या म्हणणाऱ्याच्या बाजूला मी उभा राहणार नाही. कारण तिच्या जागी वकिली, शिक्षकी किंवा इंजिनिअरिंग येणार नाही. तिच्या जागी ठेकेदार येणार आहे. आलाच आहे.

सफाईचे काम नव्वदीनंतर शहराशहरात ठेक्यावर गेले. ठेकेदाराने किमान वेतन दिले की नाही, पीएफ भरला की नाही, हातमोजे आणि गमबूट दिले की नाही, याची मूळ जबाबदारी कायद्याने पालिकेचीच असते. पण विचारले की पालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार मुकादमाकडे. मुंबईत तर ठेक्यावरच्या सफाई कामगारांना ‘स्वयंसेवक’ म्हणून दाखवण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे कचरा उचलणे ही नोकरी नव्हे, समाजसेवा! कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे कोर्टात लढला तेव्हा कुठे एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुंबईतल्या २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला. सोनपेठ, पाथरी, पूर्णा, मानवत इथल्या कामगाराला सुप्रीम कोर्टापर्यंत कोण नेणार?

आणि जो ठेकेदाराच्याही यादीत नाही, तो? सोनपेठची घटना खाजगी टाकीवर घडली. मग पालिका, पंचायत, तालुका प्रशासन सगळेच म्हणू शकतात की ती आमची माणसे नव्हती. इथे कायदा काय म्हणतो ते नीट पाहू. मानवी मैला वाहून नेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. त्याच्या सातव्या कलमाने गटार आणि सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला सर्वांनाच मनाई केली. व्यक्तीला, स्थानिक संस्थेला आणि एजन्सीलाही. यंत्राने सफाई करण्याचे कर्तव्य कायद्याने स्थानिक संस्थेवर टाकले. २७ मार्च २०१४ ला सुप्रीम कोर्टाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. गोवंडीतल्या एका खाजगी सोसायटीच्या टाकीत २०१९ साली तिघे मेले, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले की टाकी खाजगी असली तरी सरकारला भरपाई देणे टाळता येणार नाही. त्यामुळे ‘आमची माणसे नव्हती’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

हे मृत्यू एकामागून एक का होतात, हेही आपल्या माणसांना सांगितले पाहिजे. बंद टाकीत मैला कुजतो आणि हायड्रोजन सल्फाईड, मिथेन असे वायू साठतात. हायड्रोजन सल्फाईडला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. माणसाला वाटते वास गेला, टाकी सुरक्षित झाली. तो उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. वर उभा असलेला भाऊ, बाप, मुलगा त्याला ओढायला उतरतो, तोही कोसळतो. म्हणून अशा बातम्यांत एकाच घरातली दोन, तीन, पाच माणसे असतात. यावर उपाय माहीत आहेत. माणूस आत न उतरवता सक्शन मशीनने उपसणे हा पहिला. झाकणे उघडून हवा खेळवणे, वायू मोजणारे यंत्र, कमरेला दोर, वरून हवेची नळी, हे नंतरचे. यातले काहीही चंद्रावरून आणायचे नाही. तालुक्याला एक मशीन आणि ते बोलावण्याचा एक फोन नंबर, इतके पुरते.

मग ते का नाही? २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात गावोगावी शौचालये बांधली गेली, घरटी १२ हजार रुपये अनुदान मिळाले, हागणदारीमुक्तीच्या पाट्या लागल्या. दोन शोषखड्डे बांधले तर एक भरल्यावर दुसरा वापरता येतो आणि पहिल्यातल्या मैल्याचे काही काळाने खत होते. लोकांनी ठिकठिकाणी बांधली ती मोठी बंद टाकी, कारण ती वीस वर्षे भरत नाही अशी समजूत. टाक्या मोजल्या गेल्या नाहीत. त्या भरल्यावर कोण उपसणार हा प्रश्न कुठल्याच ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आला नाही. तो विचारण्याची गरजच कुणाला वाटली नाही, कारण उत्तर हजार वर्षांपासून ठरलेले आहे. फक्त आता त्या जागी एकच जात उरली नाही. पोट हातावर असलेला कुणीही तिथे उतरवला जातो, मग तो मेहतर असो, मातंग असो, बौद्ध असो की गरीब मुसलमान. सोनपेठचे पाच जण आपल्या जातीचे नव्हते म्हणून ते आपले नाहीत, असे म्हणणारा बाबासाहेबांचा माणूस असू शकत नाही.

तिसरी फाईल शाळेची. इथे गेल्या काही वर्षांत जे झाले ते तारखांनिशी पाहण्यासारखे आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. ६ सप्टेंबर २०२३ ला बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय आला, ज्यात शिक्षकही होते. ओरड झाल्यावर तो ऑक्टोबरात मागे घेतला. त्याच सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यभरात अशा सुमारे १५ हजार शाळा. १५ मार्च २०२४ ला संच मान्यतेचे नवे निकष. ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षक दिनी, कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक १५ हजार रुपये मानधनावर कंत्राटी ठेवण्याचा निर्णय. महिन्याभरात, ३ ऑक्टोबर २०२४ ला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पेढे वाटले गेले.

नगरपालिकेच्या सफाई कामगारावर जो प्रयोग तीस वर्षे चालला तोच आता त्याच्या मुलाच्या शिक्षकावर सुरू झाला आहे, हे लक्षात घ्या. बाप ठेक्यावर, मास्तरही ठेक्यावर.

कमी पटाच्या या शाळा कुठे आहेत? तांड्यांवर, वाड्यांवर, वस्त्यांवर. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघतात, तेव्हा शाळेचा पट आपोआप पडतो. हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू केले तर पोरे गावात राहतात. उशिरा सुरू केले तर पोर फडावर गेलेले असते. म्हणजे पट पाडायचा प्रशासनाने आणि मग पट पडला म्हणून शाळा उचलायची, तीही प्रशासनानेच. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे लिहिले आहे. समूह शाळेला बस देऊ म्हणतात. पावसाळ्यात ज्या तांड्यावर चिखलामुळे रुग्णवाहिका येत नाही तिथे शाळेची बस येईल यावर कुणी विश्वास ठेवायचा?

आणि ‘मराठी शाळा’ हा शब्दही जरा जपून वापरू या. तांड्यावरच्या पोराची घरची भाषा गोरमाटी आहे. परभणीच्या मुस्लिम मोहल्ल्यातल्या पोराची दखनी. त्यासाठी झेडपीच्या उर्दू शाळाही आहेत आणि त्यांची अवस्था वेगळी नाही. मेहतर समाजातल्या अनेक घरांत हिंदीची बोली चालते. यांच्यासाठी मराठी ही मातृभाषा नसून पायी जाता येईल अशा एकमेव फुकट शाळेची भाषा आहे. मी मराठी शाळा वाचवा म्हणतो ते एवढ्याच कारणाने. भाषेच्या अभिमानाचे मेळावे ज्यांना भरवायचे त्यांनी भरवावेत. २०२५ च्या एप्रिल आणि जूनमध्ये पहिलीपासून हिंदीचे शासन निर्णय निघाले तेव्हा मुंबईत मोठा आवाज झाला आणि २९ जूनला सरकारला ते रद्द करावे लागले. चांगले झाले. पण जे त्या वेळी रस्त्यावर होते त्यांच्यातले कितीजण समूह शाळेच्या पत्राविरुद्ध रस्त्यावर आले होते?

इथे वेल्सचे उदाहरण देतो. इंग्लंडच्या शेजारचा हा छोटा देश, आणि त्याचीही भाषा मोठ्या भाषेखाली चिरडली गेली होती. १८४७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या अहवालाने वेल्श भाषेला मागासपणाचे कारण ठरवले. शंभर वर्षांनी, १९४७ मध्ये, लानेलीच्या स्थानिक कौन्सिलने वेल्श माध्यमाची सरकारी शाळा काढली. आज तिथल्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक कौन्सिलला वेल्श माध्यमाच्या शिक्षणाचा आराखडा करावा लागतो: किती मुले या माध्यमात घेणार, शाळा कुठे वाढवणार, शिक्षक कुठून आणणार. आकडे चुकले तर जाब विचारता येतो. आपल्याकडे २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा केला, पण कोणत्या वस्तीला किती मराठी शाळा लागतील याचा आराखडा करायला कुठल्याही जिल्हा परिषदेला भाग पाडलेले नाही. शाळा बंद करण्याचा हिशेब मात्र दर वर्षी होतो.

त्याच वेल्समध्ये २१ ऑक्टोबर १९६६ ला अ‍ॅबरफॅन गावातल्या शाळेवर कोळसा खाणीच्या राडारोड्याचा डोंगर कोसळला. १४४ मेले, त्यात ११६ मुले. शाळेच्या मागे रचल्या जाणाऱ्या या ढिगाऱ्याचा धोका स्थानिक कौन्सिलच्या अभियंत्याने १९६३ मध्येच पत्राने कोळसा मंडळाला कळवला होता. धोका फाईलमध्ये होता. गाव मजुरांचे होते. गोऱ्या देशातही फाईल आणि डोंगर यांच्यामध्ये मजुराचे पोर सापडते ते असे.

आता आपल्यातलाच एक आक्षेप. ‘आमच्या पोरांना इंग्रजी हवी, तुमची मराठी तुम्हाला लखलाभ.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. इंग्रजीचे महत्त्व सांगणारी पहिली माणसे फुले दाम्पत्य आणि बाबासाहेबच आहेत. प्रश्न असा आहे की सफाई कामगाराच्या आठ-दहा हजारांच्या पगारातून जी ‘इंग्लिश स्कूल’ परवडते ती पत्र्याच्या शेडमधली, बारावी झालेल्या मुलीला तीन-चार हजारांवर राबवणारी. तिथून पोर ना इंग्रजी घेऊन बाहेर पडते ना मराठी. पायी अंतरावरच्या सरकारी शाळेत चांगली मराठी आणि पहिलीपासून चांगली इंग्रजी, पगारी कायम शिक्षकाकडून, ही मागणी आपण का करत नाही? सेमी-इंग्रजीचे वर्ग अनेक झेडपी शाळांनी चालवून दाखवले आहेत.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा: ‘आदेश वरून येतात, आम्ही काय करणार?’ यात तथ्य आहे. परभणी महापालिका काय, जिल्हा परिषद काय, २०२२ पासून कित्येक वर्षे प्रशासकाच्या हाती होत्या. सुप्रीम कोर्टाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. त्या काळात आलेली समूह शाळांची पत्रे, कंत्राटी निर्णय, सफाईच्या निविदा यांवर परभणीत एकाही निवडून आलेल्या सभेत चर्चा झाली नाही. पण सक्शन मशीन विकत घ्यायला मुंबईचा आदेश लागत नाही. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवायला लागत नाही. ठेकेदाराच्या पीएफच्या पावत्या तपासून मगच बिल काढायला तर मुळीच लागत नाही.

मित्रहो, २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि तिची तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी लागते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण जेवढी शिस्त दाखवतो तेवढ्याच शिस्तीने तालुक्या-तालुक्यातून एक माहिती अधिकाराचा अर्ज टाका. परभणीच्या दक्षता समितीच्या ६ डिसेंबर २०१३ पासूनच्या सगळ्या बैठकांची कार्यवृत्ते मागा. सोबत आपल्या नगरपालिकेच्या सफाई ठेक्यातल्या कामगारांची पीएफ क्रमांकासह यादी मागा आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची, वस्तीनिहाय, अंतरासह यादी मागा. तिन्ही कागद आले की एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. आणि मे २०२३ नंतरच्या पहिल्या बैठकीच्या कार्यवृत्तात भाऊचा तांडा हे नाव आहे का, ते आधी बघा.